अश्रूंचा उत्पादनखर्च कोणाच्या माथी?

भिवंडी, मालेगाव वा इचलकरंजी येथील यंत्रमागाच्या शेडमधून बारा तासांची पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचे डोळे लाल झालेले असतात. पापण्यांखाली वाळूचे कण अडकले असावेत अशी खुपणी त्याला जाणवते, उजेड सहन होत नाही आणि मधूनच डोळ्यांतून पाणीही वाहते. त्याच सुमारास पुण्याजवळ हिंजवडीच्या एखाद्या वातानुकूलित इमारतीत संगणकाच्या पडद्यासमोर रात्र काढून उठणाऱ्या तरुणीलाही हाच त्रास होत असतो. दोघांच्या वेतनात, राहणीत आणि प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याला सारे कामगार म्हणतात. तिला तो शब्द लावला तर तिलाच कदाचित रुचणार नाही. परंतु औषधाच्या दुकानात दोघांच्या हाती पडते ती बाटली एकच असते. ‘कृत्रिम अश्रूं’ची ती दहा मिलिलिटरची बाटली दोघेही स्वतःच्या खिशातून पैसे मोजून विकत घेतात.

या शेवटच्या गोष्टीत विचारण्यासारखे काही आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. डोळा ज्याचा, थेंबांचा खर्चही त्याचाच, हा व्यवहार सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. वस्तुतः येथेच अर्थशास्त्रातील एक जुना आणि मूलभूत प्रश्न उभा राहतो. डोळा कोरडा पडतो तो मालाचे उत्पादन करताना. मग तो ओला ठेवण्याचा खर्च त्या मालाच्या उत्पादनखर्चात का धरला जात नाही?

सुताची खळ आणि डोळ्यांचे वंगण

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी डोळा कोरडा कसा पडतो, हे समजून घेणे अवश्य आहे. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात तीन घटक असतात. पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येणारे तेल वरच्या बाजूस राहून बाष्पीभवन रोखते. मध्ये अश्रुग्रंथीतून येणारे पाणी असते. आणि तळाशी असलेला श्लेष्मा त्या पाण्याला बुबुळावर धरून ठेवतो. पापणी लवते तेव्हा अंगण सारवावे तसा हा थर डोळ्यावर नव्याने सारवला जातो. माणूस निवांत असताना मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लवते. नजर तुटलेल्या धाग्यावर, सुईच्या टोकावर वा संगणकाच्या पडद्यावर खिळली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. त्यात भर पडते ती वातानुकूलित कोरड्या हवेची, पंख्याच्या झोताची, कापसाच्या धुळीची आणि धुराची. थर जागोजागी फाटतो, उघडी पडलेली त्वचा चुरचुरू लागते. चिडलेला डोळा मधूनच पाणी गाळतो. पण त्या पाण्यात तेलाचा व श्लेष्म्याचा पुरेसा अंश नसल्याने ते टिकत नाही. म्हणूनच पाणी वाहणारा डोळा कोरडा असतो, हे सांगितल्यावर रुग्णाला नवल वाटते.

यावरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे वंगणाचे थेंब. त्यांतील नेहमीचे द्रव्य आहे कार्बोक्झिमिथाइलसेल्युलोज. नाव अवघड असले तरी वस्तू साधी आहे. लाकडाच्या लगद्यावर अथवा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून ती बनवतात. पाण्यात मिसळली की पाणी घट्टसर, बुळबुळीत होते. आइस्क्रीम दाट करण्यासाठी ती वापरतात आणि कापडधंद्यात ताण्याच्या सुताला खळ चढवण्यासाठीही वापरतात. मागावरचा ताण आणि घर्षण सुताला सोसावे, ते तुटू नये, म्हणून त्याला खळ देणे भाग असते. त्याच द्रव्याचे शुद्ध रूप विणकराच्या डोळ्यात घर्षण कमी करण्यासाठी घालावे लागते.

या एका द्रव्याचा हिशेब दोन वह्यांत लिहिला जातो. सुताला लागणारी खळ ही कारखानदाराच्या वहीत उत्पादनखर्च म्हणून नोंदली जाते, तिची किंमत कापडाच्या भावातून वसूल होते. डोळ्याला लागणारे वंगण मात्र कोणत्याही धंद्याच्या वहीत सापडत नाही. ते कामगाराच्या घरखर्चात, किराणा आणि रॉकेलच्या शेजारी बसते. सूत तुटले तर नुकसान मालकाचे होते, म्हणून सुताची काळजी वेळेवर घेतली जाते. डोळा बिघडला तर दुसरा कामगार मिळतो.

या औषधाची थट्टा करण्याचे काही कारण नाही. वार्धक्याने, रजोनिवृत्तीनंतरच्या बदलांनी, संधिवाताच्या काही प्रकारांनी किंवा अन्य औषधांच्या परिणामाने ज्यांचे डोळे कोरडे पडतात, त्यांना हे थेंब मोठा आधार देतात. मात्र ते आराम देतात, कारण दूर करीत नाहीत. घातलेला थेंब थोड्याच वेळात निचरून जातो आणि कारण कायम असेल तर दिवसातून चार-चार वेळा, महिनोन्‌महिने तो घालत राहावा लागतो.

कोरडेपणाचा जुना इतिहास

कोरडा डोळा ही गोष्ट भारतीय सार्वजनिक आरोग्याला नवी नाही. एके काळी या शब्दांचा अर्थ फार भीषण होता. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी गरीब घरांतील मुलांना आधी रातांधळेपणा येई, मग डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज व कोरडा होई आणि अखेरीस बुबुळ मऊ पडून मूल कायमचे आंधळे होई. हा रोग कुपोषणाचा आहे, म्हणजेच दारिद्र्याचा आहे, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९७० साली केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची दोन लाख युनिटची मात्रा तोंडावाटे देण्यास आरंभ झाला.

त्या कार्यक्रमात उणिवा होत्या. पालेभाज्या, दूध, पिवळी फळे मुलांच्या पोटात जातील अशी व्यवस्था करण्यापेक्षा मात्रा पाजणे सोपे असते, आणि सरकारी यंत्रणेने सोपा मार्ग पत्करला, ही टीका रास्त होती. पण एक तत्त्व त्या काळी निर्विवाद मानले गेले. मुलाच्या डोळ्याचा कोरडेपणा हे त्याच्या आईबापांचे खासगी दुर्दैव नसून समाजाने ज्याची जबाबदारी घ्यावी असे संकट आहे, हे ते तत्त्व. त्या मातेला कोणी बाजारातून थेंब विकत आणण्याचा सल्ला दिला नाही.

आजचा कोरडेपणा त्या मानाने सौम्य आहे. तो बहुधा आंधळे करीत नाही. तो नजर धूसर करतो, वाचन नकोसे करतो, काम मंदावतो आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळावर जखमा करतो. पण त्याचेही मूळ पुष्कळदा माणसाच्या शरीराबाहेर, त्याच्या कामाच्या जागेत आणि कामाच्या तासांत असते. तरीही त्याचा विचार मात्र पूर्णतः व्यक्तिगत झाला आहे. पूर्वीच्या कोरडेपणाला सरकारने कार्यक्रम दिला. आजच्याला बाजाराने बाटली दिली.

पन्नास मिलिग्रॅमचे गणित

त्या बाटलीचे अर्थकारणही पाहण्याजोगे आहे. अर्धा टक्का तीव्रतेच्या दहा मिलिलिटर द्रावणात कार्बोक्झिमिथाइलसेल्युलोज असते अवघे पन्नास मिलिग्रॅम. बाकी पाणी, थोडे क्षार आणि जंतूंची वाढ रोखणारे परिरक्षक. साखरेच्या चिमटीपेक्षाही कमी वजनाच्या या स्वस्त पदार्थासाठी कोणी एवढे पैसे मोजणार नाही. ग्राहक पैसे मोजतो ते द्रावण निर्जंतुक ठेवण्यासाठी, बाटलीसाठी, वाहतुकीसाठी, ठोक व किरकोळ व्यापाऱ्याच्या नफ्यासाठी, आणि सर्वांत शेवटी बाटलीवरच्या नावासाठी. यांपैकी पहिला खर्च अत्यावश्यक आहे, मधले काही अटळ आहेत, शेवटचा सर्वस्वी अनावश्यक आहे.

हे थेंब २०१५ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे त्यांची कमाल किंमत सरकार ठरवते. हे ऐकून समाधान वाटेल; पण किंमत ठरते कशी ते पाहिले की समाधान ओसरते. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार नियंत्रित औषधांच्या किमतीचा पाया उत्पादनखर्च हा होता. २०१३ च्या आदेशाने तो पाया काढून घेतला. आता बाजारात एक टक्का वा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या सर्व नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के मिळवतात. वस्तू बनवायला काय खर्च येतो, हा प्रश्नच विचारला जात नाही. ज्या महागड्या नावांना आवर घालायचा, त्यांच्याच किमती सरासरीत जाऊन कमाल मर्यादा वर ढकलतात. चोरांची सरासरी काढून शिक्षेचा दर ठरवावा, तसा हा प्रकार आहे.

पुढे घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ही मर्यादा दरवर्षी हलते. २०२२ साली ती १०.७७ टक्क्यांनी आणि २०२३ साली १२.१२ टक्क्यांनी वर गेली. शिवाय यादीतून निसटण्याची वाटही मोकळी आहे. मूळ द्रव्यात एखादा दुसरा घटक मिसळावा, तीव्रता थोडी बदलावी, की औषध यादीबाहेर जाते. मग त्याच्या किमतीत वर्षाला दहा टक्के वाढ करण्याची मुभा. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. पण शंभर रुपयांच्या मूळ किमतीमागे त्यातून वाचतात सात रुपये. ते शंभर कसे झाले, या प्रश्नाला करकपात स्पर्श करीत नाही.

जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती आणि औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून ती मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. अर्धशतक उलटले. कृत्रिम अश्रूंइतके साधे, जुने आणि सर्वांना बनवता येणारे औषधही आज असंख्य नावांनी विकले जाते, आणि रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुधा त्यांतले एक नाव असते.

थेंबाच्या आकारातही अर्थशास्त्र आहे. बाजारातील बाटलीतून पडणारा एक थेंब बहुधा चाळीस-पन्नास मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात नेहमी असणारे अश्रू सात ते दहा मायक्रोलिटर असतात आणि डोळा फार तर तीस मायक्रोलिटर धरू शकतो. उरलेले गालावरून ओघळते. म्हणजे गिऱ्हाईक जे विकत घेते त्यातला बराच भाग ते पुसून टाकते. काचबिंदूच्या थेंबांबाबत अमेरिकेतील रुग्णांनी याच मुद्द्यावर औषध कंपन्यांविरुद्ध दावा लावला होता. २०१७ साली तेथील अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी तो काढून टाकला. विक्रेत्याने ग्राहकाला फसवलेले नाही, ग्राहकाला लहान थेंब हवा असला तरी तो देण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बाजाराच्या तर्कशास्त्रात हा निकाल चोख बसतो. त्या तर्कशास्त्रात वाया जाणाऱ्या औषधाला जागा नाही, एवढेच.

हिशेब साधा आहे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर बाटलीत दोनशे थेंब झाले. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा म्हणजे रोज आठ थेंब. बाटली पंचवीस दिवसांत संपते. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यावी, असा वैद्यकीय दंडक आहेच. रोजंदारीवरचा माणूस मग स्वतःची युक्ती काढतो. चारऐवजी एकदाच थेंब घालतो, एक बाटली घरातले सारे वापरतात, उघडलेली बाटली चार-सहा महिने फळीवर राहते. याहून घातक प्रकार म्हणजे डॉक्टरची फी वाचवण्यासाठी दुकानदारालाच विचारणे. स्टिरॉइड असलेले थेंब अशा वेळी सहज हाती पडतात. त्यांनी लाली तत्काळ ओसरते, डोळा निवतो, माणूस खूश होतो आणि तेच थेंब पुन्हा पुन्हा आणतो. दीर्घकाळ वापराने त्यांतून मोतीबिंदू होतो. डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. स्वस्त व निरुपद्रवी वंगण जवळच्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, तर या माणसाने डोळे गमावले नसते.

निर्जंतुकतेशी तडजोड

किमतीतला एकच भाग अत्यावश्यक आहे, तो निर्जंतुकतेचा, असे वर म्हटले. त्यात कसूर झाली तर काय होते, हे जगाने २०२३ साली पाहिले. अमेरिकेत कृत्रिम अश्रू वापरणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांत स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूचा, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा एक प्रकार आढळला. त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने १८ राज्यांत ८१ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे मरण पावले. संशयाचा काटा वळला तो चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या थेंबांकडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जे दोष दाखवले त्यांत एक असा होता, की अनेक वेळा वापरायची बाटली असूनही तिच्यात पुरेसे परिरक्षक घातलेले नव्हते, आणि जंतुतपासणीही योग्य तऱ्हेने होत नव्हती. पुढे भारतीय अधिकाऱ्यांनी आपण तपासलेले नमुने निर्दोष असल्याचे सांगितले.

येथे एक शास्त्रीय पेच आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक बाटलीतील जंतू मारते, पण रोज अनेक वेळा, दीर्घकाळ घातल्यास तेच डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करते. म्हणून ज्यांना हे थेंब अधिक वेळा लागतात त्यांनी परिरक्षकविरहित वापरावेत, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. ते सुरक्षितपणे द्यायचे तर एकेका वेळेपुरत्या सीलबंद नळ्यांत भरावे लागतात, नाही तर बाहेरची हवा आत जाऊ न देणारी खास बाटली लागते. दोन्ही गोष्टी महाग पडतात. परिरक्षक वगळायचे आणि बाटली मात्र साधीच ठेवायची, ही बचत रुग्णाच्या डोळ्यावर केलेली बचत ठरते.

यावर ‘स्वस्त औषध म्हणजे वाईट औषध’ असा निष्कर्ष काही जण काढतील, आणि तो त्यांच्या सोयीचा आहे. सदर थेंब अमेरिकेच्या बाजारात विकले जात होते. ते धर्मादाय दवाखान्यात वाटलेले नव्हते. दर्जा किमतीवर अवलंबून नसून देखरेखीवर अवलंबून असतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ साली दर ५० औषध कारखान्यांमागे एक आणि दर २०० विक्री केंद्रांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. तिची पूर्तता झालेली नाही. औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे सुधारित नियम २०२३ च्या अखेरीस आले, पण लहान व मध्यम उद्योगांसाठी त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. परदेशी तपासनीस येतो तेव्हा आपल्याला आपल्या कारखान्यातील दोष कळतात. आपल्या देशातील रुग्णाच्या डोळ्यासाठी एवढ्या कसोशीने कोण तपासतो?

सामाजिक खर्चाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उद्योगसंस्था आपल्या खर्चाचा काही भाग तिऱ्हाइताच्या माथी मारते आणि नफा म्हणून जे दाखवते त्यात हा न भरलेला खर्च दडलेला असतो, ही मांडणी के. विल्यम काप यांनी १९५० साली ‘खासगी उद्योगाचे सामाजिक खर्च’ या विषयावरील ग्रंथात केली. हे काप पुढे काही काळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अभ्यासासाठी राहिले होते. नदीत सोडलेली कारखान्याची घाण हे त्या सिद्धान्ताचे परिचित उदाहरण. कामगाराचा कोरडा डोळा हे त्याचेच लहानसे, न दिसणारे उदाहरण आहे. कापडाच्या भावात सूत आहे, वीज आहे, खळ आहे, व्याज आहे, नफा आहे. विणकराच्या डोळ्यातील थेंब तेवढा नाही.

कायद्याला हा विषय अगदीच अपरिचित नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्यात हवा खेळती ठेवणे, धूळ बाहेर काढणे, डोळ्यांवर ताण पडणार नाही असा उजेड ठेवणे आणि उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांचे रक्षण करणे, यांची स्वतंत्र कलमे होती. मात्र नोंद करणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अवरक्त किरणांनी होणारा मोतीबिंदू आला, गोंगाटाने येणारा बहिरेपणा आला. कोरडा डोळा आला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात दहा कामगार पुरत. आता वीस लागतात. यंत्रमागाचा धंदा छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या एका आकड्याचा अर्थ उलगडून सांगायला नको. चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याचे आश्वासन नव्या संहितांबरोबर मिळाले आहे. विशीत मागावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना चाळिशीपर्यंत थांबा, असे सांगता येत नाही.

कामाच्या तासांचेही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि दुकाने व आस्थापनांतील ९ तासांवरून १० वर नेण्यास मान्यता दिली. जादा वेळेचा मोबदला मिळेल, हे त्याचे समर्थन. मजुरीचा हिशेब असा मांडता येतो. डोळ्याचा येत नाही. सलग दहाव्या वा बाराव्या तासाला अश्रूंचा थर फाटत असतो, त्याची भरपाई पगाराच्या पाकिटात होत नाही.

पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी युरोपीय समुदायाने १९९० सालीच एक निर्देश काढला. त्यानुसार मालकाने कामात नियमित विराम अथवा कामाचा पालट योजला पाहिजे, कामगाराला डोळे तपासून घेण्याचा हक्क आहे आणि या तपासणीचा आर्थिक भार त्याच्यावर पडता कामा नये. युरोपातील त्याच कंपन्यांची कामे पुण्या-मुंबईत बसून करणाऱ्यांना असा हक्क नाही. काम सीमेपलीकडे आले. कामाबरोबरचा कायदा मात्र सीमेपाशीच थांबला.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की डोळा कोरडा पडण्याची कारणे अनेक आहेत. वय, व्याधी, औषधे आणि कामानंतर हौसेने पाहिलेला मोबाइलचा पडदा, यांतले काय कामामुळे आणि काय अन्य कारणाने, हे कसे ठरवणार? आक्षेप खरा आहे. पण ऐकू कमी येण्याचीही कारणे अनेक असतात. म्हणून गोंगाटाने येणारा बहिरेपणा यादीतून काढलेला नाही. प्रत्येक कामगाराचा दावा न्यायालयात तोलत बसण्यापेक्षा ज्या व्यवसायांत हा धोका उघड आहे, तेथील जागा, हवा, उजेड आणि विराम यांचे मान ठरवून देणे सोपे व स्वस्त आहे. घरी मोबाइल पाहणारा माणूसही तो आधीच थकलेल्या डोळ्यांनी पाहत असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्रमागाचा छोटा मालक स्वतःच व्यापाऱ्याच्या, सूतदराच्या आणि वीजबिलाच्या कात्रीत सापडलेला असतो; पुष्कळदा तो मजुरीवर दुसऱ्याचे कापड विणून देतो. त्याच्यावर आणखी बोजा टाकला तर शेडच बंद पडेल आणि कोरड्या डोळ्यांऐवजी रिकामे पोट वाट्याला येईल. ही भीती खोटी नाही, आणि तिला तुच्छतेने उत्तर देणे योग्य नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की खर्च त्या साखळीतील सर्वांत दुबळ्या कड्यावर न टाकता संपूर्ण धंद्यावर टाकावा. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९६९ च्या कायद्याने माथाडी कामगारांसाठी मंडळे स्थापन झाली, मालकांकडून मजुरीवर अधिभार घेऊन त्यातून विखुरलेल्या हमालांना भविष्यनिर्वाह निधी व दवाखाना मिळाला. विखुरलेल्या धंद्यावरही सामाजिक खर्च बसवता येतो, हे या राज्याने देशाला दाखवले. कापडाच्या मीटरमागे नगण्य अधिभार घेऊन यंत्रमाग-गावांत नेत्रतपासणी आणि थेंबांची सोय करणे, या अनुभवाच्या पुढे जाणारे नाही.

तातडीने करण्याजोगे

मागण्या अवाजवी नाहीत. कोरडा डोळा यंत्रमाग, शिवणकाम आणि दीर्घकाळ पडद्यासमोर चालणारे काम, या व्यवसायांपुरता तरी व्यवसायजन्य विकारांच्या यादीत घालावा. या व्यवसायांत वयाची अट न ठेवता वर्षातून एकदा डोळे तपासावेत. सलग कामानंतरचा विराम हा मुकादमाच्या किंवा व्यवस्थापकाच्या मेहेरबानीवर न सोडता कामाच्या वेळेचाच भाग मानावा. साधे वंगणाचे थेंब मूळ नावाने, तपासलेल्या दर्जाचे, कामगार वस्तीतील प्रत्येक सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळावेत. आणि अत्यावश्यक औषधांच्या किमतीचा पाया पुन्हा उत्पादनखर्च हा करावा. औषध निरीक्षकांची रिकामी पदे भरावीत, कारण नियंत्रित किंमत आणि अनियंत्रित दर्जा या जोडीने रुग्णाचे भले होत नाही.

कामगार संघटनांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. बोनस, महागाई भत्ता आणि पगारवाढ यांच्या मागणीपत्रकांत हवा, धूळ आणि उजेड हे विषय बहुधा शेवटच्या पानावर असतात आणि तडजोडीच्या वेळी सर्वांत आधी सोडले जातात. संगणकावर काम करणाऱ्यांना संघटनेची गरज वाटत नाही आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांना संघटना उभी करू दिली जात नाही. दोघांचे डोळे मात्र एकाच कारणाने जळतात. एकाच दुकानात, एकाच बाटलीसाठी उभे असलेले हे दोघे एकमेकांकडे वळून पाहतील, तर त्या थेंबाची किंमत कोणी द्यायची हा प्रश्न मालकाच्या वहीपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.